अनुभव धागा: ग्रीसमधलं नाफ्प्लिओ आणि आजूबाजूचा मुलूख

सॅन्टोरिनीचे निळे-पांढरे फोटो पुष्कळ झाले. नाफ्प्लिओत मुक्काम केलेले कुणी असतील तर लिहा. अथेन्सहून बसने दोन-अडीच तास. मायसिनी-एपिडॉरस या प्राचीन अवशेषांच्या एकदिवसीय सहलीत लोक इथे जेवणापुरते उतरतात आणि निघतात. गाव रंगतं ते संध्याकाळी. सिंटाग्मा चौकाच्या संगमरवरी फरशीवर पोरांचा फुटबॉल चालतो, आईबाप कडेला कॉफी पीत बसतात, मधूनच चेंडू कुणाच्या तरी टेबलाखाली!

*

पालामिडी किल्ल्याला ९९९ पायऱ्या, असं गावात जो तो सांगतो. मोजणाऱ्यांचा आकडा नऊशेच्या आसपासच अडकतो. उन्हाळ्यात सकाळी दार उघडताच चढा, वाटेत सावली नावालाच. व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ मध्ये बांधला आणि १७१५ मध्ये तुर्कांनी घेतलाही! वर कोलोकोट्रोनिसची म्हणून एक कोठडी दाखवतात. दार इतकं बुटकं की जवळजवळ रांगतच आत जावं लागतं. तुर्कांविरुद्ध लढलेला हा सेनापती. १८३४ मध्ये स्वतंत्र ग्रीसनेच त्याला राजद्रोहासाठी मृत्युदंड सुनावला, पुढच्या वर्षी माफी दिली. गुडघे कुरकुरत असतील तर टॅक्सी मागच्या रस्त्याने थेट वर जाते.

*

वरच्याला +१. आयोस स्पिरिडोन चर्चही चुकवू नका. १८३१ मध्ये कापोदिस्त्रियास या ग्रीसच्या पहिल्या राज्यप्रमुखाचा खून इथेच दारात झाला. भिंतीवरची गोळीची खूण काचेखाली जपली आहे. गल्ली इतकी साधी की आम्ही पुढे निघून गेलो असतो; एका आजींनी हाताला धरून दाखवली.

*

समुद्रातला बुर्त्झी किल्ला पाहून जंजिरा आठवला, पण हा अगदीच चिमुकला. पालामिडीच्या तुरुंगातले जल्लाद एके काळी तिथे राहायचे. गावाला ते शेजारी नको होते.

*

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर एपिडॉरसला नाटकच बघा, नुसतं थिएटर नव्हे. इ.स.पू. चौथ्या शतकातलं, चौदा हजारांच्या आसपास माणसं मावतात. भाषा कळली नाही तरी कोरसचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ येतो. बसायला उशी हवीच, दगड आहे तो. खेळाच्या रात्री नाफ्प्लिओहून खास बस असते.

*

शाकाहाऱ्यांसाठी: गिगांतेस, म्हणजे टोमॅटोच्या रश्शात भाजलेला टपोरा पांढरा घेवडा, आणि होर्ता, उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू नि ऑलिव्ह तेल. आमचं रोज हेच. पोहायला आर्वानित्या किनारा नाफ्प्लिओच्या जवळच, पण दगडगोटे. वाळू हवी तर किनाऱ्याच्या पायवाटेने कराथोना किनाऱ्यापर्यंत चाला.