गव्हाणी घुबडाला हाकलू नका

वर एकांनी लिहिलंय की इमारतीच्या डक्टमध्ये पांढरं घुबड आलंय, रात्रभर फिस्कारतं आणि अपशकुन म्हणून सोसायटी त्याला हाकलणार आहे. कृपया थांबवा त्यांना! ते गव्हाणी घुबड असणार, आणि फिस्कारतायत ती बहुधा भुकेली पिल्लं.

आमच्या वाड्याच्या माळ्यावर अशी जोडी होती. खाली काळपट गोळे पडायचे. एक पाण्यात भिजवून सोडवला, तर केसांच्या गुंत्यातून उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या, पिवळ्या दातांसकट. न पचलेलं ते असं ओकून टाकतात.

उंदरांना विष मात्र घालू नका, तो उंदीर खाऊन घुबडही मरतं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, हे सेक्रेटरींना जरूर सांगा. पिल्लं साधारण दोन महिन्यांत उडतात, तोवर डक्टची जाळी बसवू देऊ नका.