आकडा कुठला धरायचा?

‘लोकसंख्येच्या निकषावर दवाखाने द्या, त्यांच्यावरून होणारी ओढाताण आपोआप थांबेल’ असं म्हटलं जातं, ते मला पटतं. पण लोकसंख्या कधीची? सपाट भागात 30,000 लोकांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 5,000 मागे उपकेंद्र, हा निकष ठीक आहे. मात्र 2021 ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, त्यामुळे हिशेब 2011 पाशी अडकला. तेवढ्यात नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरीच्या एमआयडीसीभोवतालची गावं ओळखू येईनाशी झाली.

माझी बहीण बुटीबोरीजवळच्या एका गावात राहते. तिच्या घरामागे भाड्याच्या खोल्यांची रांग आहे, एकाच नळावर सगळ्या बिऱ्हाडांचे हंडे-गुंड लागतात. बाहेरून कामाला आलेली ही माणसं गावच्या मतदारयादीत नाहीत, म्हणून ग्रामसभेतही त्यांचं कोणी बोलत नाही. गावच्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, म्हणजे आशाताईच्या वहीत मात्र ती आहेत: कुठल्या खोलीत गरोदर बाई, कुठल्या बाळाची लस राहिली, सगळं घरोघरी फिरून लिहिलेलं. ही वही आणि शाळेचा पट जुळवून दरवर्षी आकडा काढावा. घरोघरी नळाचं पाणी देणाऱ्या जलजीवन योजनेचा दररोज माणशी 55 लिटरचा हिशेब त्यावर बसवला, तर नवी टाकी पहिल्याच उन्हाळ्यात अपुरी पडणार नाही. जिल्हा परिषदेने निदान एमआयडीसीलगतच्या गावांपासून तरी सुरुवात करावी.