ओम अगरवालना विसरू नका

वर कुणीतरी लिहिलंय की हौशी स्नूकरचं (बिलियर्ड्ससारखाच टेबलावर काठीने चेंडू मारायचा खेळ) जागतिक विजेतेपद भारतात पहिल्यांदा पंकज अडवाणीने आणलं. नाही हो! अडवाणी जिंकला २००३ मध्ये. त्याच्या १९ वर्षं आधी, १९८४ साली, डब्लिनमध्ये ओम अगरवाल जिंकले होते. विल्सन जोन्स, मायकेल फरेरांमुळे बिलियर्ड्समधले विश्वविजेते आपल्या ओळखीचे होते, पण स्नूकर म्हणजे तिकडच्या ब्रिटनवाल्यांचा खेळ, असंच वाटायचं. अंतिम सामन्यात समोर वेल्सचाच टेरी पार्सन्स होता, त्याला हरवलं! १९९४ मध्ये अगरवाल गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. अडवाणीच्या हातात तो करंडक बघायला ते हवे होते, असं मला अजून वाटतं. त्यांचं नाव निदान इथे तरी आधी घेऊया.