जुनी स्पोर्ट्स कार घेतलीत? काय निघालं ते सांगा

मोगरा_पुणे

मंडळी, दोन दारांची, छप्पर उघडणारी गाडी आयुष्यात एकदा तरी आपली असावी, ही इच्छा मी कॉलेजपासून मनात धरून आहे. नवी परवडणार नाही. पण घराचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं, मुलगी बारावी झाली आणि नवरा स्वतःहून म्हणाला, "घे आता." म्हणून गेले चार महिने वापरलेल्या गाड्यांच्या जाहिराती बघतेय.

सगळ्यात जास्त कोड्यात टाकते ती किंमत. नवी असताना साठ-सत्तर लाखांची गाडी दहा वर्षांनी पंचवीसला मिळते. तेवढ्यात आज एक बऱ्यापैकी एसयूव्ही येते. मग सगळेच का घेत नाहीत?

ज्यांनी घेतली, घेता घेता सोडली किंवा घेऊन विकली, त्या सगळ्यांनी लिहा. देश कुठलाही चालेल. अपेक्षा काय होती आणि निघालं काय, एवढंच हवंय. पैशांचे आकडे दिलेत तर फार मदत होईल.

घाटवळण

ताई, गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. म्हणून सगळे घेत नाहीत. पंचवीस लाखांत घेतलेल्या गाडीचे ब्रेक, शॉक अॅब्सॉर्बर आणि क्लच सत्तर लाखांच्या गाडीचेच असतात. मला हे गाडी घेतल्यावर कळलं.

माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ची. दोन लिटर टर्बो, २३० अश्वशक्ती, सहा गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चार दारं आहेत म्हणून कुणी हिला स्पोर्ट्स कार म्हणणार नाही, पण खंबाटकीत चालवून बघा आणि मग बोला. २०२१मध्ये घेतली तेव्हा ४८ हजार किलोमीटर झाले होते. मालक एकच, सर्व्हिस बुक व्यवस्थित भरलेलं. तिसऱ्या महिन्यात चढावर दाबली की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर पळायचा, पण वेग त्या मानाने वाढायचा नाही. क्लच सरकत होता.

एका जाणत्या मेकॅनिकने लॅपटॉप लावला. इंजिनाच्या संगणकात प्रोग्रॅम किती वेळा चढवलाय याची नोंद राहते. ती असायला हवी त्याहून जास्त निघाली. आधीच्या मालकाने रीमॅप करून ताकद वाढवली, मनसोक्त पळवली आणि विकायच्या आधी मूळ प्रोग्रॅम परत घालून ठेवला. सर्व्हिस बुकात हे कुठून दिसणार? त्याला फोन केला, त्याने उचलला नाही. क्लचपॅक, तेल, फिल्टर, मजुरी मिळून सव्वादोन लाख गेले.

आता मित्रांसोबत गाडी बघायला जातो तेव्हा हवेच्या पाइपांच्या क्लिपा मूळच्या आहेत का ते बघतो. सायलेन्सरच्या जोडावर नवं वेल्डिंग आहे का, तेही. ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचच्या डीएसजीचं तेल साठ हजार किलोमीटरला बदलायचं असतं, त्याचं बिल मागतो. बिल नाही म्हणाले तर तो खर्च किमतीतून कमी करायला सांगतो.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. विकणार नाही.

केळशीकर_लीड्स

इंग्लंडात जुन्या स्पोर्ट्स कारचा खरा शत्रू मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात आणि गाडी खालून खाल्ली जाते.

मी माझदा एमएक्स-५ शोधत होतो. १९८९पासून बनणारी ही छोटी उघडी गाडी, वजन टनाच्या आसपास, ताकद मागच्या चाकांना. इथे इतक्या आहेत की दर आठवड्याला चार-पाच विकायला दिसतात. पहिली बघितली ती २००३ची, लाल. रंग आरशासारखा. सीटवर बसलो आणि खरं सांगतो, तिथेच हो म्हणायच्या बेतात होतो.

बायकोने फोनवर गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला. इथे तीन वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी एमओटी तपासणी लागते, आणि प्रत्येक वर्षी किती मैल झाले होते, तपासनिसाने काय शेरा मारला, हे फुकट बघता येतं. सलग तीन वर्षं शेरा होता: मागच्या चाकांपुढे खालच्या पट्टीला गंज. चौथ्या वर्षी शेरा गायब. मधल्या काळात वेल्डिंग केल्याचं एकही बिल नाही. मी खाली वाकून बघितलं, तर त्या पट्टीवर ताजा जाड काळा थर. खिशात फ्रिजवरचा चुंबक नेला होता, तो तिथे चिकटेना. आत पत्राच नव्हता, पुट्टी भरून वर काळं फासलं होतं.

हे का होतं तेही सांगतो, कारण छप्पर उघडणाऱ्या बहुतेक गाड्यांना लागू आहे. कापडी छपरावरचं पाणी दारांमागच्या नळ्यांतून खाली उतरतं आणि मागच्या चाकांपुढच्या भोकांतून बाहेर पडतं. पालापाचोळ्याने भोकं बुजली की पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून सडत जातो. बाहेर फोड दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं.

दुसरी गाडी फिकट निळी, रंग उडालेला, सीट फाटलेली, पण खालून कोरडी. मालक एक निवृत्त गृहस्थ, वीस वर्षांची बिलं फाइलमध्ये तारखेनुसार लावलेली. तीच घेतली. दर ऑक्टोबरला सायकलच्या ब्रेकची जुनी तार त्या भोकांतून फिरवतो. दहा मिनिटांचं काम.

आठवडा_तेविसावा

टायरचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. स्पोर्ट्स कार कमी चालतात, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१६ असेल तर २०१६चा तेविसावा आठवडा. मी हे न बघता घेतली आणि पहिल्याच पावसात बायपासवर मागचं टोक बाजूला गेलं. कुणाला लागलं नाही. चारही टायर बदलायला १ लाख १० हजार पडले.

सई_न्यूजर्सी

मी १९९९ची पोर्श बॉक्स्टर घेतली २०१४ साली, साडेनऊ हजार डॉलरना. सगळे घाबरवत होते ते एका बेअरिंगवरून. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये आणि पोर्शच्याच त्या काळातल्या साध्या ९११मध्ये इंजिनाच्या आत एक मधला शाफ्ट असतो, त्याच्या टोकाचं बेअरिंग गेलं तर सगळं इंजिनच जातं. सगळ्यांचं जात नाही, पण जाताना आधी फारशी सूचनाही देत नाही. २००९च्या मॉडेलपासूनच्या नव्या इंजिनांत तो शाफ्टच नाही. ताई, तुम्ही त्यानंतरची बघत असाल तर ही काळजी सोडा.

मी घेण्याआधी एका स्वतंत्र मेकॅनिककडे तपासणी करून घेतली, तीनशे डॉलर दिले. त्याने ऑइल फिल्टर काढून कापला, आतला कागद उलगडून उजेडात धरला आणि धातूचा चुरा आहे का ते दाखवलं. स्वच्छ होता. तरी क्लच संपत आलेला होता, आणि क्लच बदलायलाही गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, बेअरिंग बदलायलाही. म्हणून दोन्ही एकदम करून घेतलं. अडीच हजार डॉलर गेले, पण मजुरी एकदाच लागली. विकणाऱ्याला तपासणीचा अहवाल दाखवून किमतीत बाराशे कमी करून घेतले होते, तेही यात धरा.

आणखी एक. २०१२च्या सँडी वादळानंतर इकडे पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दूरच्या राज्यांत विकायला निघाल्या होत्या. सव्वीस जुलैनंतर मुंबईत वाढलेल्या माझ्यासारखीला तो वास ओळखता येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग लोक धुतात, गुंडाळीत राहिलेल्या टोकाला चिखलाची रेघ तशीच असते.

तिसरी_बाजू

नागोयाहून. माझी माझदा आरएक्स-८, रोटरी इंजिनाची. पिस्टन नाहीत, दोन तिकोनी रोटर. घेताना कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाच्या आतलं दडपण, मोजल्याशिवाय एक येनही देऊ नये. मोजायचं यंत्र खास असतं, कारण प्रत्येक रोटरच्या तीन बाजूंचं दडपण वेगवेगळं दिसायला हवं, म्हणजे एकूण सहा आकडे. साध्या मीटरवर तिघांतला सगळ्यात जास्त आकडाच दिसतो आणि गळकी बाजू लपते. दुसरी परीक्षा घरगुती आहे. अर्धा तास चालवा, बंद करा, दहा मिनिटांनी परत सुरू करा. गरम इंजिन सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर दुसरी गाडी बघा.

ती तेल खाते, हा बिघाड नाही. रोटरच्या कडांच्या सीलना वंगण मिळावं म्हणून इंजिन स्वतःच थोडं थोडं तेल आत सोडतं. आणि थंड गाडी चार हात पुढे घेऊन लगेच बंद करायची नाही, प्लग पेट्रोलने भिजतात. मी एका रविवारी धुवायला म्हणून बाहेर काढली आणि बंद केली. सोमवारी सकाळी ती सुरू झाली नाही, मी ट्रेनने कामावर गेलो.

जपानात लिलावाचा कागद मिळतो, तो वाचायला शिका. गाडीच्या आकृतीवर ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेला पत्रा, आणि वर श्रेणीच्या जागी आर असेल तर अपघातानंतर दुरुस्त झालेली. आर म्हणजे वाईटच असं मात्र मी म्हणणार नाही. माझी आर आहे. काय बदललं ते कागदावर लिहिलेलं होतं, म्हणून घेतली.

पंचगंगा

मी दिल्लीची गाडी आणली, तो अनुभव सांगतो. तिकडं तेव्हा पंधरा वर्षांवरची पेट्रोल आणि दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवायला बंदी होती, सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा आदेश होता. त्यामुळं तिकडं वय झालेल्या चांगल्या गाड्या स्वस्तात निघायच्या. मला दोन दारांची पेट्रोल कूपे इथल्यापेक्षा सहा लाखांनी कमी भावात मिळाली. लई खूश होतो.

मग एकेक सुरू झालं. गाडीवर बँकेचा बोजा होता, तो उतरवायला फॉर्म ३५. तो उतरल्याशिवाय परराज्याची एनओसी नाही, तिचा फॉर्म २८. मग नावावर करायला २९ आणि ३०. ट्रकवर घालून गाडी कोल्हापूरला आणायचं भाडं. आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं, तोच मोठा घाव. तिकडचा टॅक्स परत मागायचा अर्ज केलाय, अजून पैसे यायचेत. पाच महिने गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी. शेवटी सहा लाखांतले सत्तर हजार वाचले.

गाडीविषयी तक्रार नाही माझी. पण भाव ठरवायच्या आधी आपल्या आरटीओत जाऊन टॅक्सचा आकडा काढून आणा. इन्शुरन्सपण चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. थर्ड पार्टी गाडीबरोबर येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाव बदलल्याशिवाय अडकतो.

मांडवीकाठी

गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म कुणाला आठवते? दोन सीटची, उघडी, फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन, साठेक अश्वशक्ती. वेगाच्या हिशेबात आजची साधी हॅचबॅक तिला मागे टाकील. पण संध्याकाळी मांडवीच्या पुलावरून छप्पर उघडून जाताना वेग कोण बघतो?

माझी बाबांच्या मित्राकडून आली, सात वर्षं शेडमध्ये पडून होती. फायबर गंजत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. खालची चासी लोखंडाचीच आहे आणि खाऱ्या हवेत सात वर्षं, हे डोक्यात आलंच नाही. चासी पॉलिश पेपरने घासून दोन ठिकाणी नवा पत्रा जोडावा लागला. बॉडीला बिजागऱ्यांपाशी तडे गेले होते. गाड्यांच्या पेंटरने हात लावला नाही. शेवटी फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने चार दिवसांत असं काम केलं की तडा कुठे होता ते मलाच सापडत नाही. उघड्या गाडीचे लोक हो, बोटीवाल्यांना विचारा, त्यांना हे काम गाडीवाल्यांपेक्षा चांगलं येतं.

दादर_पूर्व

फक्त एक. घेण्याआधी ती आपल्या सोसायटीच्या रॅम्पवरून खाली उतरवून बघा. मी नाही बघितली. पुढचा बंपर रोज घासायचा, शेवटी चार महिन्यांत विकली. फार जीव लावला होता.

मोगरा_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीत लिहून घेतलंय.

परवा शनिवारी एक २०१३ची बॉक्स्टर बघितली, म्हणजे सई म्हणतात त्या बेअरिंगची भीती नाही. मालकाने आधी लिफ्टवर घ्यायला खळखळ केली, मग तयार झाला. टायर पुढचे २०१९चे, मागचे २०१७चे. चारही बदलायचे. सीटबेल्ट ओढून बघितला, टोकापर्यंत स्वच्छ. बिलांची फाइल आहे, पण मधली दोन वर्षं कोरी, त्या वेळी मालक दुबईला होता म्हणे. दारांमागची भोकं तारेने तपासली, डावीकडून ओंजळभर गुलमोहराची पानं निघाली. आमच्या रॅम्पवरून तिरकी घेतली तर उतरते.

आणि नंबर टाकून बघितला तर बँकेचा बोजा अजून दिसतोय. मालक म्हणतो कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलं, कागद करायचे राहिले. मी सांगितलं, बोजा उतरल्याचं आरसीवर दिसू दे, मग टोकन देते. त्याने पंधरा दिवस मागितलेत.

निघताना छप्पर उघडून-मिटून बघायची परवानगी मागितली. सहा वेळा उघडलं. मुलगी शेजारच्या सीटवर बसली होती, तिने सातव्यांदा उघडायला लावलं.