दूध अनुदानाचे पाच रुपये: तुमचे आले का? अनुभव लिहा

गोठेकर: काल गव्हाण धुताना पिवळा बिल्ला सापडला. चंद्रीचा. जानेवारी 2024 ला गाईच्या दुधाला लिटरमागं पाच रुपये अनुदान सुरू झालं, तेव्हा या बिल्ल्यानं मला रडवलं होतं. कानात बिल्ला, त्याचा बारा आकडी नंबर ॲपवर, तो नंबर आपल्या आधारला जोडलेला, मगच पैसे. सगळं झालं आणि तिसऱ्या दिवशी चंद्रीनं गव्हाणीच्या तारेत कान अडकवून बिल्ला उपटला. डॉक्टरांनी नवा मारला, म्हणजे नंबरही नवा. डेअरीतला पोरगा जुन्याच नंबरवर माहिती भरत बसला. बारा लिटरची गाय, दिवसाला साठ रुपये. त्यासाठी पेट्रोल किती जाळलं ते बायको अजून काढून दाखवते. पैसे आले तेव्हा चंद्री विकून दोन महिने झाले होते. तुमचं काय झालं?

माळावरची: आमचे आलेच नाहीत म्हणून वर्षभर बोंबलत होतो. मग कळलं, डेअरीत दिलेलं पासबुक एक आणि आधारला शेवटी जोडलेलं खातं दुसरंच. गाय सासूबाईंच्या नावावर, आणि त्यांनी कधीतरी काढलेल्या खात्याचं पासबुक पत्र्याच्या पेटीत. पैसे तिथं गुपचूप जमा. म्हणतात कशा, बरं झालं, नाहीतर पेंडीत गेले असते.

म्हैसवाला: म्हशीला कान नसतात का?

गोठेकर: असतात की. फॅट बघून सरकार घाबरतं.

थोरले आबा: तुमच्या खात्यात तरी आले. 2018 ला दूध रस्त्यावर ओतलं तेव्हा ऑगस्टपासून पाच रुपये मिळाले, पण ते संघांना न् प्लँटला, तेही पिशवीतलं दूध सोडून. त्यांनी आम्हाला 25 भाव द्यायचा असं ठरलेलं. आमच्या डेअरीत 25 फक्त पाटीवर. दुधाचा पगार हातात आला की फॅट न् डिग्री (दुधाचा दाटपणा) कमी म्हणून कापून 22 नाहीतर 23. विचारलं तर म्हणे, कॅन उन्हात ठेवता म्हणून फॅट कमी लागते. उन्हानं फॅट उडते होय रे!

रात्रपाळी: @गोठेकर गव्हाणीला तार कशाला ठेवता हो? पाईप टाका. आमच्या कालवडीचा असाच कान फाटला, पावसाळ्यात जखमेत अळ्या पडल्या, महिनाभर निस्तरत होतो.

कृष्णाकाठ: गंमत सांगतो. जुलै 2024 ला डेअरीचे 30 आणि सरकारचे पाच. ऑक्टोबरपासून अनुदान सात झालं, आम्ही खूश. पण डेअरीचा भाव 28. बायकोला सांगितलं दोन रुपये वाढले. तिनं पाटावरच बोटं मोजली न् म्हणाली, 35 होते, 35च आहेत, आधी हात धुऊन या.

थोरले आबा: वहिनींना दूध संघावर संचालक करा.

सुमनताई: हे अनुदान नव्हे, पण बिल्ल्यावरून आठवलं म्हणून लिहिते. 2022 ला लम्पी रोगात गाय गेली, मागोमाग वासरू. गाईचे 30 हजार, वासराचे 16 मिळाले. खोटं कशाला बोलू, वेळेत मिळाले. पण पंचनाम्याला फोटो हवा आणि त्यात बिल्ला दिसायला हवा म्हणाले. मला कान धरवेना. शेजारच्या भाऊजींनी धरला, मी फोटो काढला. फोन रोज जागा नाही म्हणून ओरडतो, तरी तो फोटो काढून टाकवत नाही.

माळावरची: ताई...

गोठेकर: सुमनताई, आता गोठ्यात काय आहे?

सुमनताई: एक जर्सी आहे. गाभण. सातवा चालू. बिल्ला आहे हो कानात, पहिल्यांदा तोच बघितला घेताना.

म्हैसवाला: माझा प्रश्न तसाच राहिला.

माळावरची: @रात्रपाळी पाईप किती इंची टाकलात? आमचे हे म्हणतात दीड पुरतो.

रात्रपाळी: दीड वाकतो. दोन इंची घ्या, जीआयचा. आणि कोपऱ्याला वेल्डिंग करताना खालून... थांबा, धारेला हाका मारतायत. रात्री लिहितो.