पानगळीतली सायकल: नेहमीच्याच गल्ल्यांचे अनुभव लिहा

पानगळ लागली की सायकलवाल्यांचे दोन गट पडतात. एक सायकल पुसून झाकून ठेवणारे, दुसरे याच दिवसांची वाट बघणारे. हा धागा दुसऱ्या गटासाठी. पहिल्यांनी वाचायला काहीच हरकत नाही. घाट, मोहिमा, किलोमीटरचे आकडे नकोत. आपल्या रोजच्या वस्त्यांतली फेरी हवी, जिथले खड्डे आणि कुत्री तोंडपाठ आहेत तिथली. पानं गळताना त्या रस्त्यांवर काय वेगळं दिसलं, ते लिहा. फोटो नसले तरी चालतील.

*

वारा कुठे गाठणार हे मला पानगळीत आधीच कळतं. माझ्या वाटेवर दोन उंच इमारतींच्या मधून एक आडवा रस्ता येतो. एरवी तिथे पोचेपर्यंत कशाचा पत्ता नसतो; एकदम बाजूने झोत येतो आणि हँडल डगमगतं. या दिवसांत लांबूनच दिसतं की कोपऱ्यावरची पानं घाईघाईने डावीकडून उजवीकडे रस्ता ओलांडताहेत. हात आपसूक घट्ट होतात. पानं जागच्या जागी गरगरत असतील तर मात्र भरवसा नाही, झोत कुठूनही येईल.

दुसरं म्हणजे, झाडं उघडी पडली की घरं दिसायला लागतात. एका वळणावर मी कायम हिरवी भिंतच बघत आले होते. तिच्यामागे लोखंडी गोल जिना निघाला, आणि त्याच्या पायरीपायरीवर कुंड्या! पालवी फुटली की तो पुन्हा गायब.

*

दिव्याखालच्या झाडांकडे कोणाचं लक्ष गेलंय का? सगळं झाड बोडकं, आणि दिव्याच्या अंगाची एकच फांदी अजून हिरवी. आधी मला रोग वाटला होता. मग वाचलं की दिवस लहान होतोय हे झाडाला उजेडावरून कळतं, आणि रात्रभर जळणारा दिवा त्या फांदीला चकवतो. मॅट्झके नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३६ सालीच न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या झाडांबद्दल हे लिहून ठेवलंय.

माझं म्हणणं असं की हे सायकलवरूनच नीट दिसतं. चालताना एका वेळी एकच झाड समोर असतं, मोटारीतून तर नुसता रंग सरकतो. सायकलवरून अख्खी रांग एका दमात नजरेखालून जाते: दिवा, हिरवी फांदी, मग दोन-तीन बोडकी झाडं, पुन्हा दिवा, पुन्हा हिरवी फांदी. एकदा दिसलं की दिसतच राहतं.

*

कवित्व मान्य. आता थोडं रुक्ष.

ओल्या पानांवर ब्रेक दाबू नका आणि वळूही नका. आधी वेग कमी करा, मग सरळ पार व्हा. पानांखाली खड्डा, गटाराची जाळी, फुटपाथची कड काहीही असू शकतं. ट्रामचे रूळ असतील तर ते शक्यतो काटकोनात ओलांडा.

हवा तपासा. २० अंश तापमानात चाकात ६० पीएसआय भरलेत आणि पारा ५ अंशांवर आला, तर गळती नसतानाही ती ५६ च्या आसपास उतरते. थंडीत सायकल जड वाटते ती काही फक्त वयामुळे नाही.

आणि ऊन. सूर्य खाली आलेला असतो. तुमची सावली लांब होऊन ज्या गाडीच्या दिशेने पडली आहे, तिच्या चालकाच्या डोळ्यांत ऊन आहे. त्याला तुम्ही दिसत नाही असंच धरून चाला. या एका गोष्टीपुढे बाकी सगळ्या सूचना दुय्यम.

*

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आता वासाबद्दल कोणीच का लिहीत नाही?

आमच्या रस्त्याला गिंकोची झाडं आहेत. पंख्यासारखी पानं, रंग असा पिवळा की ढगाळ दिवशीही ऊन पडल्याचा भास व्हावा. इतर झाडं आठवडेच्या आठवडे थोडी थोडी गळत राहतात; गिंको मात्र कडाक्याच्या पहिल्या थंडीनंतर बहुतेक सगळी पानं एकदम टाकून मोकळा होतो. सकाळी जाताना डोक्यावर छत, संध्याकाळी तेच छत चाकाखाली.

इथवर ऐकून मत्सर वाटला असेल, तर पुढचं ऐका. मादी झाडाच्या बियांवरचा गर कुजला की त्याला खवट लोण्याचा वास येतो. त्यात ब्युटिरिक आम्ल असतं. एक बी टायरच्या खाचेत बसली की सायकल घरात घेता येत नाही. घरच्यांनी मला दाराबाहेर उभं करून काडीने टायर कोरायला लावलंय. तरी रस्ता बदलणार नाही.

*

मी रात्रपाळीवाली, त्यामुळे माझी फेरी पहाटेची. २२-२३ सप्टेंबरला दिवसरात्र सारखी होते, आणि त्याच सुमारास दिवस सगळ्यात भरभर आखडतो. ५० अक्षांशाच्या आसपास रोज जवळपास ४ मिनिटं, म्हणजे आठवड्यात अर्धा तास गेला! ज्या पुलावर मला उजाडायचं तिथे पुढच्याच आठवड्यात मिट्ट काळोख. इथल्या रिवाजाप्रमाणे हिवाळ्यासाठी सगळ्यांची घड्याळं तासभर मागे नेली की पहाट थोडे दिवस परत मिळते, पण संध्याकाळवाल्यांच्या खिशातून काढून.

पहाटे पानांचा आवाज फार येतो. कोरडी पानं चुरचुरतात, दव पडलेली अजिबात बोलत नाहीत. कानाला काही ऐकू आलं नाही की मी वेग कमी करते.

*

माझ्या पुढच्या सीटवर साडेतीन वर्षांचा मालक बसतो. हुकूम एकच: "बाबा, ढिगातून!" कडेला लोटून ठेवलेले ढीग खरं तर कोणीतरी मेहनतीने झाडलेले असतात, म्हणून मी चुकवतो. मग रडारड. शेवटी तह झाला: झाडलेले ढीग नाहीत, वाऱ्याने केलेले चालतील. आता प्रत्येक ढिगापाशी सुनावणी होते. "हा कोणी केला?" कडा सरळ असेल तर झाडूवाल्यांचा, वेडावाकडा असेल तर आपला. त्याला माझ्यापेक्षा बरं ओळखता येतं.

*

मी सायकल चालवतच नाही, पण गिंकोवाल्यांचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला.

*

एक अडचण आहे. मागच्या मडगार्डमध्ये पानं अडकून सारखा फर्रर्र आवाज येतो. काढली की दहा मिनिटांत पुन्हा. मडगार्डच काढून टाकू का?

*

नका काढू, पाठीवर चिखलाची रेघ उमटेल. मडगार्ड आणि टायर यांच्यातली जागा बघा. करंगळी जात नसेल तर कड्या सैल करून मडगार्ड थोडं वर घ्या. तरी भागलं नाही तर एक नंबर बारीक टायर टाका, रिमला बसतो का ते आधी दुकानात विचारून.