मदत हवी आहे: समोरच्याचं इंजिन घरी नेऊन त्याच्यासाठी खास ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार खेळ्यांची फाइल) बनवणं नियमात बसतं का?

नमस्कार मंडळी,

भांडण घरातलं आहे, त्यामुळे सल्ला जरा जपून द्या.

आम्ही सोलापुरातले पाच जण फावल्या वेळात बुद्धिबळाची इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम, लिहितो. मी दिवसा टॉवेल कारखान्यांचं स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर बघतो, रात्री हे. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत जुळे सोलापुरात एकाच्या घरी जमायचं, एकाच लॅपटॉपवर सगळी इंजिनं लावायची, प्रत्येक जोडीचे १२ डाव, सहा पांढऱ्यांनी, सहा काळ्यांनी. बक्षीस शेंगाचटणी आणि कडक भाकरी, तेही तिथेच सगळे मिळून संपवतात.

यंदा पाचातल्याच एकाकडून, मावसभावाकडून, साडेतीन-साडेआठ हरलो. पांढऱ्यांनी दोन जिंकले, तीन बरोबरीत, एक गेला. काळ्यांनी सहाच्या सहा गेले. आणि ते सहाही डाव चौदाव्या खेळीपर्यंत एकसारखे, झेरॉक्स काढल्यासारखे.

डाव असा: दोघांची राजापुढची प्यादी दोन घरं, मग घोडे, त्याचा उंट सी४, माझा दुसरा घोडा एफ६, त्याचा घोडा जी५. मी डी५ केलं, त्याने प्याद्याने मारलं. इथे माझं बुक संपलं. इंजिन स्वतः विचार करायला लागलं आणि गेलेलं प्यादं वसूल होतंय म्हटल्यावर घोड्याने डी५ मारून मोकळं झालं. लगेच त्याचा घोडा एफ७ वर. राजाने तो खाल्ला आणि स्क्रीनवर आकडा आला, मी २.१ ने पुढे! पुढच्याच खेळीला एफ३ वरून वजिराचा शह, माझा राजा ई६ वर, भर बाजारात. मग तो आकडा असा उतरत गेला की मी चहा ठेवायला उठून गेलो. तोवर त्याच्या घड्याळातला एक सेकंदही खर्च झाला नव्हता, सगळं बुकातून.

घरी येऊन त्याची बुक फाइल उघडली. पॉलिग्लॉट फॉरमॅट, म्हणजे एका नोंदीला १६ बाइट: आठ पटावरच्या स्थितीच्या किल्लीचे, दोन खेळीचे, दोन वजनाचे, चार लर्निंगचे. फाइल फक्त ३,५२० बाइटची. म्हणजे २२० नोंदी. बहुतेक सगळ्या माझ्यासाठी! दिवाळीत मीच त्याला माझं इंजिन दिलं होतं, टेस्टिंगला. त्याने ते रात्र रात्र स्वतःच्या इंजिनाशी लढवलं आणि जिंकलेल्या लाइन भरून ठेवल्या.

विचारलं तर म्हणतो, "रडालास कशाला बे? बुक म्हणजे प्रोग्रामचाच भाग हाय की. १९९७ ला जगज्जेत्या कास्पारोव्हविरुद्ध सहाव्या डावात आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरनं घोडा ई६ वर दिला, ते मशीननं शोधलं व्हय? माणसांनी बुकात भरलेलं होतं. १९ खेळ्यांत कास्पारोव्ह हार मानून उठला."

मी गूगलच्या अल्फाझीरो प्रोग्रामचं काढलं. २०१७ साली स्टॉकफिश इंजिनाविरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरी, पण स्टॉकफिशला बुक दिलं नव्हतं म्हणून केवढी ओरड झाली. तर म्हणतो, "मग तुला बुक होतं का नव्हतं?"

आमच्या नियमांत बुकाबद्दल एक ओळ नाही. पुढच्या वर्षीसाठी काय लिहावं? 'विशिष्ट इंजिनाविरुद्ध तयारी चालणार नाही' असं लिहिलं तर पुरे का? आणि यंदाचा निकाल तसाच ठेवावा का? मावशीकडे जाणं बंद करायचं नाहीये.

प्रतिसाद – खडूफळा

हसू आवरत नाहीये, माफ करा. तुमच्या भावाने रात्र रात्र मशीन जाळून जे शोधलं तो फ्राइड लिव्हर नावाचा हल्ला. चारशे वर्षं जुना. शाळेतली पोरं एकमेकांना यात पकडतात. तिथे डी५ मारायचंच नसतं, घोडा ए५ वर नेऊन उंटाला हाकलायचं.

किलर बुकची (एकाच इंजिनाला मारायला बनवलेल्या बुकाची) ओरडही जुनीच आहे. नव्वदच्या दशकात स्वीडनच्या रेटिंग यादीवरून याच कारणाने वाद व्हायचे. पण २०११ मध्ये रिबका या इंजिनाची २००७ ते २०१० ची जगज्जेतेपदं काढून घेतली, त्यात बुकाचा संबंध नव्हता. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधला कोड उचलल्याचा आरोप होता. तुमच्या भावाने कोड उचललेला नाही. निकाल राहू द्या.

एक प्रश्न: तेच इंजिन तीच चूक सहा वेळा करतं, म्हणजे हरलेली लाइन टाळायला शिकणारं बुक लर्निंग नाहीच. बरं, तुमचं बुक कोणी बनवलंय?

प्रतिसाद – रात्रपाळी

'विशिष्ट इंजिनाविरुद्ध तयारी नको' हा नियम लिहू नका. २२० नोंदी बघून तुम्हाला संशय आला, उद्या तो त्याच नोंदी दोन लाखांत मिसळेल. मग कोण शोधणार?

सरळ सगळ्यांची बुकं बंद करा. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेत असंच असतं: सुरुवातीच्या खेळ्या आयोजक ठरवतात आणि तीच सुरुवात दोघांना आळीपाळीने पांढऱ्यांनी खेळावी लागते. सुरुवात एका बाजूला झुकलेली असली तरी दोघांच्या वाट्याला येते. क्यूटचेस या इंजिनांचे डाव लावणाऱ्या प्रोग्राममध्ये ओपनिंगची फाइल द्यायची आणि तीच सुरुवात पुन्हा देणारा रिपीटचा पर्याय चालू ठेवायचा.

आणि १२ डावांत काय सिद्ध होतंय हो? २० डाव खेळलात तरी सव्वाशे एलो (ताकदीचे रेटिंग गुण) इकडे-तिकडे होऊ शकतात. हजार डाव लावलेत तर पंधरा-वीसवर येईल. डावाची वेळ कमी करा, रात्रभर चालू द्या.

धागाकर्ता

खडूफळा, माझं बुक नेटवरून उतरवलेलं आहे. साडेआठ एमबी. त्यातली एक खेळीसुद्धा मी भरलेली नाही. वर चौथ्या खेळीनंतर मीच कापलं होतं, इंजिनाने स्वतः विचार करावा म्हणून. भावाला हे माहीत नाही. सांगितलं तर तो गावभर करेल, पण 'बुक स्वतःचं असावं' ही मागणी आता मी कोणत्या तोंडाने करणार!

रात्रपाळी, तुमचं पटलं. काल फोन केला होता, भावालाही चालतंय. त्याची एकच अट, सुरुवातीच्या स्थिती मी निवडायच्या नाहीत. त्याने निवडलेल्या मला नकोत. पाचातला जो शेवटून पहिला आला त्याच्यावर सोपवलंय, तो ५० स्थिती काढेल आणि फाइल त्याच दिवशी सकाळी उघडायची.

आता एवढंच सांगा, रिपीट चालू केल्यावर प्रत्येक फेरीला दोन डाव हे वेगळं लिहावं लागतं का? माझ्याकडे दुसऱ्या डावाला तो नवीन सुरुवात उचलतोय.